किंमत निर्देशांक: काढायचा कसा आणि वाचायचा कसा? (फेलोशिपच्या उदाहरणासह)



१ जानेवारी २०१९ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप दरमहा ३१,००० रुपये झाली. १ जानेवारी २०२३ पासून ती ३७,००० रुपये झाली. म्हणजे चार वर्षांत ६,००० रुपयांची, साधारण १९.४ टक्क्यांची वाढ. आता प्रश्न असा की, २०२३ च्या फेलोला २०१९ च्या फेलोपेक्षा जास्त काही विकत घेता येतं का?

या प्रश्नाचं उत्तर नुसत्या रुपयांवरून देता येत नाही. त्यासाठी किंमत निर्देशांक लागतो. वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन यांच्या अभ्यासक्रमात तो असतोच. पण माझ्यासारखे विज्ञान शाखेतून आलेले विद्यार्थीसुद्धा शेती, आरोग्य, ऊर्जा अशा विषयांवर संशोधन करताना कधी ना कधी 'खर्च' नावाच्या रकान्यापाशी येतात, आणि तिथे निर्देशांक लागतोच. सूत्र पाठ असतं, गणितही सुटतं. अडचण पुढे येते: आलेल्या आकड्याचा अर्थ काय, आणि मुळात हा निर्देशांक माझ्या प्रश्नासाठी योग्य आहे का? आज दोन्ही गोष्टी क्रमाने बघू.

१. निर्देशांक म्हणजे नेमकं काय?

एकाच वस्तूची किंमत ३० वरून ६० झाली तर 'दुप्पट झाली' एवढं म्हणून काम भागतं. पण घरात एकच वस्तू येत नाही. कांदा दुप्पट, डाळ दीडपट, दूध थोडंसंच महाग. मग 'एकूण महागाई किती' हे एका आकड्यात कसं सांगायचं? त्यासाठी निर्देशांक. एका ठरावीक काळातल्या किंमतपातळीला १०० मानायचं (हे आधार वर्ष) आणि दुसऱ्या काळातली पातळी त्याच्या तुलनेत सांगायची (हे चालू वर्ष).

तापमापी आणि निर्देशांक यांत एक मोठा फरक आहे. तापमान मोजताना पाण्याला तुम्ही कोण आहात याने फरक पडत नाही. निर्देशांकाला मात्र पडतो. कारण त्याच्या आत एक टोपली असते: कोणत्या वस्तू, किती प्रमाणात, कोणाच्या घरात. टोपली बदलली की आकडा बदलतो.

२. हाताने काढून बघू

समजा, नेरुळला तीन विद्यार्थी खोली घेऊन राहतात आणि स्वयंपाक स्वतः करतात. त्यांच्या महिन्याच्या सामानातल्या चार वस्तू घेऊ. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.)

आधार वर्ष:
- कांदा: ३० रुपये किलो, ८ किलो
- तूरडाळ: १०० रुपये किलो, ४ किलो
- दूध: ५० रुपये लिटर, ३० लिटर
- तांदूळ: ५० रुपये किलो, २० किलो

चालू वर्ष:
- कांदा: ६० रुपये किलो, ५ किलो
- तूरडाळ: १५० रुपये किलो, ३ किलो
- दूध: ५५ रुपये लिटर, ३० लिटर
- तांदूळ: ५५ रुपये किलो, २२ किलो

पद्धत अ: साधी सरासरी. प्रत्येक वस्तूची चालू किंमत भागिले आधार किंमत गुणिले १००. कांदा २००, डाळ १५०, दूध ११०, तांदूळ ११०. चौघांची सरासरी १४२.५. म्हणजे महागाई ४२.५ टक्के? जरा थांबा. या पद्धतीत कांद्याला आणि दुधाला सारखंच महत्त्व मिळालं. प्रत्यक्षात महिन्याच्या ३,१४० रुपयांपैकी कांद्यावर फक्त २४० रुपये जातात आणि दुधावर १,५००.

पद्धत ब: लासपेअर. टोपली आधार वर्षाचीच ठेवायची आणि विचारायचं: तेच सामान आज घेतलं तर किती पडेल?

आधार वर्षाची टोपली, आधार किमतीला: २४० + ४०० + १,५०० + १,००० = ३,१४०
तीच टोपली, चालू किमतीला: ४८० + ६०० + १,६५० + १,१०० = ३,८३०
निर्देशांक = ३,८३० ÷ ३,१४० × १०० = १२१.९७

पद्धत क: पाश्चे. टोपली चालू वर्षाची घ्यायची आणि विचारायचं: आज जे घेतो तेच सामान तेव्हा कितीला आलं असतं?

चालू टोपली, चालू किमतीला: ३०० + ४५० + १,६५० + १,२१० = ३,६१०
चालू टोपली, आधार किमतीला: १५० + ३०० + १,५०० + १,१०० = ३,०५०
निर्देशांक = ३,६१० ÷ ३,०५० × १०० = ११८.३६

पद्धत ड: फिशर. लासपेअर आणि पाश्चे यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं, म्हणजे दोघांची भूमितीय सरासरी. इथे ती १२०.१५ येते.

किमती त्याच, घर तेच, आणि उत्तरं चार: १४२.५, १२१.९७, ११८.३६, १२०.१५. परीक्षेत प्रश्नात पद्धत दिलेली असते. संशोधनात ती तुम्हाला ठरवावी लागते आणि का ठरवली तेही लिहावं लागतं.

३. लासपेअर जास्त आणि पाश्चे कमी का येतो?

कांदा महागला की आपण तो कमी घेतो. लासपेअरची टोपली मात्र जुनीच असते. ती आजही ८ किलो कांदा घेत असते, म्हणून महागाई थोडी फुगवून दाखवते. पाश्चेची टोपली काटकसर करून झाल्यानंतरची असते, म्हणून ती महागाई थोडी कमी दाखवते. पण खरं तर कांदा कमी खावा लागला हाही त्रासच आहे, आणि तो पाश्चेमध्ये दिसत नाही.

लासपेअर यांनी आपली पद्धत १८७१ मध्ये मांडली, पाश्चे यांनी १८७४ मध्ये. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्विंग फिशर यांनी १९२२ च्या पुस्तकात अशा अनेक सूत्रांना कसोट्या लावून पाहिल्या. त्यातली एक सोपी आहे: काळ उलटा करून बघा. आधार वर्ष आणि चालू वर्ष यांची अदलाबदल केली तर दोन उत्तरांचा गुणाकार १ यायला हवा. आपल्या उदाहरणात लासपेअर पुढे जाताना १.२१९७ देतो, उलटा काढला तर ३,०५० ÷ ३,६१० म्हणजे ०.८४४९. गुणाकार १.०३०५. म्हणजे लासपेअर कसोटीत नापास. फिशर पास होतो, म्हणूनच त्याला 'आदर्श निर्देशांक' म्हणतात.

मग सरकारी निर्देशांक फिशरचे का नसतात? कारण व्यवहाराचं आहे. फिशरसाठी आणि पाश्चेसाठी दर महिन्याला लोकांनी किती किती घेतलं हे माहीत हवं. तसं कुटुंब सर्वेक्षण दर महिन्याला करणं परवडत नाही. किमती मात्र दर महिन्याला गोळा करता येतात. म्हणून एकदा मोठं सर्वेक्षण करून टोपली ठरवतात आणि पुढची काही वर्षं तीच वापरतात. आपल्याकडचे ग्राहक किंमत निर्देशांक मुळात लासपेअरच्या वाटेनेच जातात.

४. टोपली जुनी झाली की काय होतं: मुंबईचं उदाहरण

हे फक्त पुस्तकी नाही. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये कामगार कार्यालय सुरू झालं आणि त्याने कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढायला घेतला. त्याचा आधार जुलै १९१४ होता. पुढे १९३२-३३ मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली आणि जुलै १९३३ ते जून १९३४ हा नवा आधार ठरला. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता याच निर्देशांकाशी जोडला गेला. निर्देशांक वर गेला की भत्ता वर, निर्देशांक अडला की भत्ताही अडला.

आता विचार करा. १९६३ साल उजाडलं तरी टोपली १९३२-३३ च्या पाहणीची. मधल्या काळात महायुद्ध, रेशनिंग, स्वातंत्र्य, सगळं होऊन गेलं. लोक काय खातात, कोणतं कापड घेतात, कुठे राहतात, सगळं बदललं. कामगार संघटनांची तक्रार होती की निर्देशांक खरी महागाई दाखवतच नाही. महाराष्ट्र शासनाने मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. निर्देशांक कमी दाखवला जातो आहे, या तक्रारीत तथ्य असल्याचं समितीच्या तपासणीत दिसलं आणि त्यात दुरुस्ती सुचवली गेली.

मी वर म्हटलं की लासपेअर महागाई फुगवतो, आणि इथे तर उलट झालं. असं कसं? कारण 'फुगवतो' हे फक्त वस्तूंच्या अदलाबदलीपुरतं खरं आहे. टोपलीतली वस्तू बाजारातून गायब झाली आणि तिच्या जागी दुसरी धरताना दर्जाची सांगड नीट घातली नाही, किंवा नवे खर्च टोपलीत आलेच नाहीत, तर निर्देशांक कमीही पडू शकतो. पुस्तकातला नियम आणि प्रत्यक्षातला आकडा यांच्यामध्ये किमती गोळा करण्याची पद्धत उभी असते. शोधनिबंधात ती पद्धत वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हेच लकडावाला पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि १९९३ च्या दारिद्र्यविषयक तज्ज्ञ गटाचे अध्यक्षही. त्या गटाने दारिद्र्यरेषा अद्ययावत करताना ग्रामीण आणि शहरी भागांसाठी वेगवेगळे निर्देशांक वापरायला सांगितले. कारण शेतमजुराची टोपली आणि शहरातल्या माणसाची टोपली एक नाही. निर्देशांक बदलला की 'गरीब किती' हा आकडाही बदलतो. भत्ता असो की दारिद्र्यरेषा, निर्देशांकाची निवड कुणाच्या तरी ताटापर्यंत पोचते.

५. आधार वर्ष बदललं की सांधा जुळवा

आता प्रत्यक्ष आकडेवारीकडे येऊ. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम ब्युरो काढतो. ऑगस्ट २०२० मध्ये तो ३३८ होता आणि सप्टेंबर २०२० मध्ये ११८.१. फाइल डाउनलोड करून सरळ आलेख काढला तर एका महिन्यात किमती ६५ टक्के उतरल्यासारख्या दिसतील! प्रत्यक्षात एवढंच झालं की आधार वर्ष २००१ वरून २०१६ वर आलं.

अशा वेळी जोडगुणक वापरतात. या मालिकेसाठी तो २.८८ आहे. ११८.१ × २.८८ = ३४०.१. म्हणजे त्या महिन्यात किमती उतरल्या नाहीत, उलट ०.६ टक्क्यांनी वाढल्या.

आधार बदलताना भारही बदलतात. २००१ च्या मालिकेत अन्न आणि पेयांचा भार ४६.२० होता, २०१६ च्या मालिकेत तो ३९.१७ झाला. घरभाड्याचा १५.२७ वरून १६.८७ झाला. जोडगुणकाने आकडे एका पट्टीवर येतात, पण सांध्याच्या अलीकडची आणि पलीकडची टोपली वेगळीच राहते. लांब मालिका वापरणार असाल तर हे निबंधात एका ओळीत का होईना, नमूद करा.

६. आता फेलोशिपचं गणित

ग्राहक किंमत निर्देशांक (संयुक्त, अखिल भारतीय, २०१२ = १००) जानेवारी २०१९ मध्ये १३९.६ होता आणि जानेवारी २०२३ मध्ये १७६.५.

१७६.५ ÷ १३९.६ = १.२६४३. म्हणजे किमती २६.४ टक्के वाढल्या. फेलोशिप वाढली १९.४ टक्के.

हे दोन प्रकारे सांगता येतं:
- २०१९ चे ३१,००० रुपये टिकवायचे तर २०२३ मध्ये ३१,००० × १.२६४३ = सुमारे ३९,१९४ रुपये हवे होते.
- २०२३ चे ३७,००० रुपये २०१९ च्या किमतींत मोजले तर ३७,००० ÷ १.२६४३ = सुमारे २९,२६५ रुपये भरतात.

यालाच वास्तव मूल्य काढणं म्हणतात. रुपयांत वाढ झाली, खरेदीशक्तीत मात्र घट झाली.

पण एका निर्देशांकावर निष्कर्ष ठेवू नका. दुसऱ्याने पडताळून बघा. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक जानेवारी २०१९ मध्ये ३०७ (२००१ = १००) आणि जानेवारी २०२३ मध्ये १३२.८ (२०१६ = १००). आधी सांधा: १३२.८ × २.८८ = ३८२.४६. मग ३८२.४६ ÷ ३०७ = १.२४५८. या हिशोबाने ३८,६२० रुपये हवे होते. आकडा ५७४ रुपयांनी वेगळा आला, पण निष्कर्ष तोच राहिला. निर्देशांक बदलूनही निष्कर्ष टिकतो, तेव्हा तो जरा ठामपणे मांडायला हरकत नाही. नाही टिकला तर तेही लिहायचं.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. हे फक्त मूळ फेलोशिपचं गणित आहे, घरभाडे भत्ता यात धरलेला नाही.

७. हा निर्देशांक तुमचा आहे का?

२०१२ च्या मालिकेत अन्न आणि पेयांचा भार ग्रामीण भागात ५४.१८ होता आणि शहरी भागात ३६.२९. घरभाड्याचा भार शहरी भागात २१.६७ आणि ग्रामीण भागात शून्य. दोन्ही मिळून संयुक्त निर्देशांकात तो १०.०७ होत होता.

आता सानपाड्यात किंवा कोपरखैरण्यात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करा. समजा, त्याचा निम्मा खर्च भाड्यावर जातो, भाडं ४० टक्के वाढलं आणि बाकी सगळं २६ टक्के. त्याचा स्वतःचा निर्देशांक ०.५ × १४० + ०.५ × १२६ = १३३. वसतिगृहात राहणाऱ्या मैत्रिणीचा आकडा वेगळाच येईल. दोघांनाही अखिल भारतीय आकडा 'आपला' वाटणार नाही, आणि तरी तो चुकीचा नाही. तो देशाच्या सरासरी टोपलीचा आहे, एवढंच.

दुसरी गल्लत घाऊक आणि किरकोळ यांची. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतले कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, धान्य, मसाला या बाजारांचे दर मिळतात म्हणून ते घेऊन घरखर्चाची महागाई काढू नका. ते घाऊक दर आहेत. तिथून घराजवळच्या भाजीवाल्यापर्यंत वाहतूक, हमाली, नासाडी, नफा हे सगळं वाढतं. घाऊक किंमत निर्देशांकात सेवा नसतात. डॉक्टरची फी, क्लासची फी, लोकलचा पास त्यात येत नाहीत. तुमचा विषय व्यापाऱ्यांच्या खरेदीचा असेल तर घाऊक दर योग्य, कुटुंबाच्या खर्चाचा असेल तर ग्राहक किंमत निर्देशांक.

८. वाचताना होणारे नेहमीचे घोळ

- निर्देशांक १२२ म्हणजे १२२ टक्के वाढ नाही. आधार वर्षापासून २२ टक्के वाढ.
- अंक आणि टक्के वेगळे. जानेवारी २०२२ मध्ये निर्देशांक १६५.७ होता, जानेवारी २०२३ मध्ये १७६.५. वाढ १०.८ अंकांची, पण टक्क्यांत १०.८ ÷ १६५.७ = ६.५२ टक्के.
- महागाईचा दर कमी झाला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. दर ७ वरून ४ वर आला तर किमती अजूनही वाढतच आहेत, फक्त वेग कमी झाला.
- दोन शहरांचे निर्देशांक शेजारी ठेवून 'कुठलं शहर महाग' हे सांगता येत नाही. प्रत्येक शहर आपल्या आधार वर्षाशी तुलना करतं. मुंबईचा आकडा नागपूरपेक्षा कमी असला तरी मुंबई स्वस्त ठरत नाही.

९. निबंधात निर्देशांक वापरण्यापूर्वी

ही यादी वहीत लिहून ठेवा:
१. टोपली कोणाची: ग्रामीण, शहरी, कामगार, शेतमजूर?
२. किमती कुठल्या: घाऊक की किरकोळ?
३. आधार वर्ष कोणतं, आणि माझ्या कालावधीत ते मध्येच बदललं का? जोडगुणक किती?
४. वापरलेला आकडा तात्पुरता होता की अंतिम?
५. दुसरा निर्देशांक वापरला तर निष्कर्ष टिकतो का?
६. हे सगळं पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं आहे का?

तोंडी परीक्षेत 'हाच निर्देशांक का?' हा प्रश्न हमखास येतो. 'सगळे हाच वापरतात' हे त्याचं उत्तर नव्हे. माझा प्रश्न अमुक लोकांबद्दल आहे, आणि ही टोपली त्यांच्या टोपलीच्या सगळ्यात जवळची आहे, असं सांगता आलं पाहिजे.

सराव म्हणून एक करा. तुमच्या मागच्या महिन्याच्या खर्चातल्या फक्त सहा बाबी लिहा, त्यांचे भार काढा, आणि वर्षभरापूर्वीच्या किमती आठवतील किंवा जुन्या बिलांवर सापडतील तशा शेजारी मांडा. लासपेअर काढा. मग त्याच महिन्याचा शहरी ग्राहक किंमत निर्देशांक बघा. दोघांत फरक येईलच. तो कोणत्या बाबीमुळे आला हे शोधा. तेवढं जमलं की निर्देशांकाचा धडा खऱ्या अर्थाने झाला असं समजा.

काही अडलं तर जरूर विचारा. भेटू पुढच्या लेखात.